टर्बो गाडी, ई२० आणि माझं मेजरिंग सिलिंडर

स्पेक्स सगळ्यांना पाठ असतात, म्हणून थोडक्यात. छोटं टर्बो (म्हणजे हवा दाबून आत भरणारं) पेट्रोल इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन, ऑटोमॅटिक, २०२२ चं मॉडेल. मॅन्युअलमध्ये छापलंय, इथेनॉल जास्तीत जास्त १० टक्के. पंपावर मिळतं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि साध्या पेट्रोलमध्ये दुसरं काही मागायची सोयच नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण वॉरंटीचं प्रकरण अजून चालू आहे.

जुलैत, कोल्हापुरात आठवडाभर पाऊस थांबत नव्हता तेव्हा, टाकी फुल्ल केली आणि दोन सिग्नल ओलांडेपर्यंत गाडी थरथरायला लागली. चेक इंजिनचा दिवा, मग लिंप मोड (गाडी स्वतःच ताकद कमी करून रांगते तो), मग ठप्प. टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढलं तर तळाला वेगळा थर. सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणाला, "सर, पेट्रोल भेसळीचं आहे, वॉरंटीत बसत नाही." पंपावर गेलो तर मॅनेजरने रजिस्टर पुढे सरकवलं: "साहेब, आमच्या टाकीत पाणी नाही, सकाळीच डिप घेतलाय, टाकीत पट्टी बुडवून बघितलंय." टाकी उतरवणं, फिल्टर, इंजेक्टर क्लीनिंग, लेबर, सगळ्याचं बिल माझ्या नावावर.

इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी असेपर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळलेलं राहतं, डोळ्यांना काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून खाली बसतात. गाडीचा फ्युएल पंप ओढतो तळातूनच. शिवाय वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची ताकदही, उतरलेला असतो. म्हणजे टर्बो इंजिनला दोन्ही बाजूंनी मार. याला भेसळ म्हणायचं की सरकारी मिश्रणाचा गुणधर्म, हे ठरवणारं कुणी समोर नव्हतं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये लांबलचक खुलासा केला, ई२० मुळे मायलेज फार घसरतं हे म्हणणं चुकीचं आहे वगैरे. तो खुलासा मी प्रिंट काढून काउंटरवर ठेवला होता. अॅडव्हायझरने त्यावर चहाचा कप ठेवला.

त्या दिवसापासून मी गाडीत शंभर मिलीचं मेजरिंग सिलिंडर ठेवतो. घरच्यांच्या मते मला वेड लागलंय. कृती सोपी आहे: ५० मिली पेट्रोल, त्यात ५ मिली पाणी, बूच लावून हलवायचं, मग स्थिर ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. ५ चा थर साधारण १५ झाला तर मिश्रण २० टक्क्यांचं. मोकळ्या जागेत, विडी-सिगारेटपासून लांब करा, आणि उरलेलं गटारात ओतू नका. पंपावर मिळणारा फिल्टर पेपर इथे उपयोगाचा नाही. तो रॉकेलसारखी भेसळ पकडायला आहे, इथेनॉल त्यावर डाग न ठेवता उडून जातं. डेन्सिटी मोजूनही टक्केवारी कळत नाही. आणि पंपावर इथेनॉलची टक्केवारी दिसत नाही, एकच आकडा असतो, रुपयांचा. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, मायलेजपेक्षाही मोठी. ब्राझीलमध्ये ऑगस्ट २०२५ पासून साध्या पेट्रोलमध्येच ३० टक्के इथेनॉल असतं, पण शेजारच्या नोझलवर निव्वळ इथेनॉल वेगळ्या दराने मिळतं आणि बहुतेक गाड्या दोन्हीवर चालतात. माणूस दर बघून ठरवतो. आपल्याकडे नोझल एक, दर एक, आणि ठरवणारे दुसरेच.

आता मायलेज. टाकी टू टाकी मोजतो, डिस्प्लेवर विश्वास नाही. ई१० च्या काळात कोल्हापूर-पुणे हायवेला १६ च्या वर देणारी गाडी आता १५ ला टेकते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्युल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. निव्वळ पेट्रोलशी तुलना केली तर ई२० मध्ये जवळपास ७ टक्के कमी, ई१० शी केली तर साडेतीन टक्के. माझी घट त्याहून थोडी जास्त आहे, त्यात टायर आणि उजवा पाय यांचाही वाटा असेल. १०५ रुपये लिटर धरला तर साडेतीन टक्के म्हणजे लिटरमागे साडेतीन रुपयांहून जास्त. भाजीवाल्याने किलोमागे पस्तीस ग्रॅम मारले तर आपण तराजू उचलतो.

इथवर वाचून वाटेल की मी इथेनॉलच्या विरोधात आहे. मार्चपर्यंत होतोही. मग मे महिन्यात खंबाटकीचा घाट चढताना ओबीडी डाँगल लावला, म्हणजे इंजिनचे आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र. चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, दुपारची वेळ. जुन्या पेट्रोलवरचे माझे लॉग सेव्ह केलेले होते. त्यात याच चढाला इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चार-पाच अंश मागे ओढायचा, कारण नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक. गाडी गुदमरल्यासारखी चढायची. यावेळी एखाद्या अंशावर मामला. तिसऱ्या गिअरमध्ये मधल्या आरपीएमला जो दम हवा तो आहे, आणि तो गरम झाल्यावरही टिकतो.

कारण सरळ आहे. आपल्या मानकात आधीचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं, ई२० मात्र ९५ चं. शिवाय इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता खेचून घेतं, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये हा गारवा थेट सिलिंडरच्या आत मिळतो. टर्बो इंजिनला याहून गोड खाऊ नाही. कोनिगसेग कंपनीची येस्को ही सुपरकार साध्या पेट्रोलवर १२८० हॉर्सपॉवर देते आणि ई८५ वर (८५ टक्के इथेनॉल) १६००. पण ते इंजिन, इंजेक्टर, टर्बोचा दाब, कॉम्प्युटरचं सेटिंग सगळं त्या इंधनासाठी बांधलेलं असतं. माझ्या इसीयूला फक्त जुन्या पेट्रोलवर गमावलेली ताकद परत घेता येते, नवीन काढता येत नाही. इचलकरंजीचा एक मित्र रीमॅप केलेली, म्हणजे इसीयूचं सेटिंग बदललेली, गाडी चालवतो, त्याला ई२० जास्त मानवलंय. त्याच्यासमोर मी मायलेज हा शब्द काढत नाही.

एक गोष्ट मात्र डाँगलवर रोज बघतो: लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त सोडतोय ते. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे तितक्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १, ई२० चं साडेतेराच्या आसपास. माझी गाडी अधिक पाच-सहा टक्क्यांवर स्थिर आहे, चालेल. दहाच्या वर जायला लागली तर इंजेक्टर किंवा पंप दमतोय असं समजून आधी लॉग सेव्ह करा, मग सर्व्हिस सेंटरला जा. रिकाम्या हाताने गेलात तर "भेसळ" ऐकून परत याल.

घरात हा विषय काढायची चोरी आहे. काकांचा ऊस कारखान्याला जातो. "डिस्टिलरी चालली म्हणून बिल वेळेत पडतं, तुझ्या गाडीचं कौतुक आम्हाला सांगू नको," हे त्यांचं एका वाक्यात उत्तर. त्यांचंही खरं आहे. मी त्यांना फक्त एवढंच दाखवलं की उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला सरकारी दर लिटरला ६५.६१ आणि मक्यापासूनच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये. त्यावर ते गाडीचा विषय विसरले आणि दिल्लीवर घसरले.

एक्सपी१००, म्हणजे इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरा, असा सल्ला कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो. त्यात इथेनॉल नाही हे खरं, पण दर १६० च्या आसपास. सात टक्के ऊर्जेसाठी पन्नास टक्के जास्त पैसे मी देणार नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तरच शेवटचं भरणं त्याचं करतो, तेही दहा लिटर.

पावसाळ्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही, म्हणजे आत दमट हवा कमी राहते. टँकर खाली होत असेल तर त्या पंपावर थांबत नाही. २०२३ च्या एप्रिलनंतरची गाडी असेल तर होज आणि सील ई२० ला चालणारे असतात, त्यामुळे रबराची काळजी सोडा. जुनी टर्बो सेकंडहँड घेताय तर फ्युएल लाइन आधी बघून घ्या. वॉरंटीबाबत कंपनीला लेखी विचारलंय: मॅन्युअलमध्ये १० टक्के लिहिलंय आणि देशभर २० टक्के मिळतं, तर मी नेमकं काय भरायचं? उत्तर आलंय, "आपला फीडबॅक संबंधित विभागाकडे पाठवला आहे." संबंधित विभागाने फोन केला की इथेच अपडेट टाकतो.