संत्र्याच्या गावात कोरियन व्हिटॅमिन सी: 7 महिने, 3 बाटल्या, 1 भांडण

चेहऱ्याला लावायच्या या सीरमचं नाव लिहीत नाही. विक्रेत्याशी भांडण मिटलंय, पैसे परत आलेत, आता पुन्हा उकरायचं नाही. टक्केवारी, फेरुलिक ॲसिड (व्हिटॅमिन सी टिकावं म्हणून घालतात ते) वगैरे तुम्हाला पाठ असेलच. मला बोलायचंय ते रंगाबद्दल. चेहऱ्याच्या नाही, बाटलीतल्या.

नोव्हेंबरात पहिली बाटली घेतली. 15 टक्के शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे मूळ रूपातलं व्हिटॅमिन सी, 30 मिली, 1,249 रुपये. पाण्यासारखं स्वच्छ. लावलं की दोनेक मिनिटं चुरचुरायचं. हे ॲसिड कातडीत शिरायचं तर सीरमचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 3.5 च्या खाली लागतो, म्हणजे ताकापेक्षाही आंबट, त्यामुळे तक्रार नाही. वास मात्र घामेजल्या मुठीत नाणी धरून ठेवल्यासारखा.

सहाव्या आठवड्यात फरक दिसला. गोरी नाही झाले, पण चेहऱ्यावरची ती मळकट छटा गेली आणि मुरुमांचे जुने डाग फिके झाले. सासूबाईंनी चष्मा न लावता विचारलं, "काऊन गं, फेशियल केलं का?" यापेक्षा मोठं प्रमाणपत्र आमच्या घरात मिळत नाही. गालावरचा वांग मात्र तसूभर हलला नाही. त्याचं पुढे सांगते.

त्या वेळी हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग माझा चिक्कूपणा आडवा आला. 1 मिलीत साधारण 20 थेंब, म्हणजे बाटलीत 600. रोज 5 वापरले तर 4 महिने. मी म्हटलं, 3 वर भागवू, साडेसहा महिने जाईल. अभिमानाने नवऱ्याला हिशेबही दाखवला. पण सीरमने माझा हिशेब वाचला नव्हता. ड्रॉपर काढला की दर वेळी हवा आत जाते, आणि पाण्यात विरघळलेलं हे ॲसिड हवा, उजेड, उष्णता काहीच सोसत नाही. दहाव्या आठवड्यात फिकट पिवळं, फेब्रुवारीअखेर कोऱ्या चहासारखं. मी तरी लावतच राहिले! पैसे मोजले होते ना.

मार्चमध्ये उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग आले, बोटांची टोकं तांबूस झाली आणि चेहरा रापल्यासारखा दिसायला लागला. मी दोष दिला उन्हाला. खरं कारण वेगळंच होतं. व्हिटॅमिन सी बिघडताना त्यातून एरिथ्रुलोज नावाची साखर तयार होते. परदेशात मुद्दाम रापलेला रंग आणायच्या क्रीममध्ये तीच घालतात. म्हणजे उजळायला घेतलेल्या बाटलीनं मला रोज सकाळी इमानेइतबारे रंगवलं.

एप्रिलमध्ये दुसरी बाटली मागवली, तीच. दुपारी 2 वाजता पार्सल आलं, खोकं हाताला गरम लागत होतं. सील फोडलं, पांढऱ्या टिश्यूवर थेंब टाकला: पिवळा. कस्टमर केअर म्हणे, "मॅम, नॅचरल इन्ग्रेडियंट्समुळे रंग बदलू शकतो, एक्सपायरी अजून लांब आहे." अहो, पहिली बाटली पाण्यासारखी आली होती, तेव्हा नॅचरल इन्ग्रेडियंट्स सुट्टीवर होते का?

मला एक्सपायरी नको होती, बनवल्याची तारीख हवी होती, आणि नेमकी त्याच कोरियन मजकुरावर आयातदाराचं स्टिकर चिकटवलेलं. नखाने खरवडून काढलं. भाची कोरियन मालिका बघून ती लिपी वाचायला शिकली आहे. तिने सांगितलं, तारखेला 'जेजो' जोडलेलं असेल तर ती बनवल्याची, 'क्काजी' असेल तर तोपर्यंत वापरा. आणि तिकडे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. 'जेजो'वाली तारीख 15 महिन्यांपूर्वीची निघाली. टिश्यूचे फोटो, खरवडलेल्या स्टिकरचा फोटो, 9 ई-मेल. अकराव्या दिवशी पैसे आले. सॉरी नाही आलं.

इथे माझं मत फिरलं. इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिडसारखी व्हिटॅमिन सीची टिकाऊ रूपं मी आधी हसण्यावारी नेली होती. 2 टक्के म्हणजे पाणीच की! पण कोरियात उजळपणाचा दावा करणारी प्रसाधनं सरकारी नियमांत वेगळी मोजतात, आणि त्यांच्या मान्य घटकांच्या यादीतले आकडे बघा: इथाइल ॲस्कॉर्बिल इथर (वरच्याच इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिडचं दुसरं नाव) 1 ते 2 टक्के, ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड (व्हिटॅमिन सीचंच आणखी एक टिकाऊ रूप) 2, नायसिनमाइड (हे व्हिटॅमिन बी 3) 2 ते 5. आपण मात्र शुद्ध ॲसिड 15 टक्के मोठं की 23 टक्के मोठं यावर वाद घालतो.

मे महिन्यापासून असंच टिकाऊ रूपाचं एक सीरम वापरतेय. पंपाची बाटली, 890 रुपये. चुरचुरत नाही, नाण्यांचा वास नाही. कूलरच्या खोलीत उघड्यावर ठेवूनही रंग तोच. खरं सांगायचं तर पहिल्या बाटलीने सहा आठवड्यांत आणलं तेवढं तेज याने अजून आणलेलं नाही. सासूबाईही गप्प आहेत.

वांगासाठी शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सीरमकडे बघितलंही नाही. वांग साध्या उजेडानेसुद्धा गडद होतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन लावायला सांगितलं. ते महिन्याला किती संपतं हा वेगळा रडगाण्याचा विषय.

शुद्ध ॲसिडवालं पुन्हा घेईन, पण दिवाळीनंतर, 20 मिलीची बाटली, आणि रोज 5 थेंब मोजून. नागपुरात मार्च ते जून हा माल मागवणं म्हणजे कुल्फी पोस्टाने मागवणं.

पहिली बाटली अजून फ्रिजच्या दारात आहे, लोणच्याच्या बरणीशेजारी. 10 मिली उरलंय, रंग पिकलेल्या संत्र्याचा. टाकवत नाही.