चौथीचा वर्ग आणि ट्वाईन : सात महिन्यांनंतर

चौथीच्या मुलांना गोष्टी लिहायला लावण्यासाठी मी सात महिने ट्वाईन वापरते आहे. वाचकाने वाट निवडत पुढे जायच्या गोष्टी लिहिण्याचं हे मोफत, मुक्तस्रोत साधन क्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलं. एका चौकटीत गोष्टीचा तुकडा लिहायचा. त्यातला एखादा शब्द दुहेरी चौकोनी कंसात घातला की त्याचा दुवा होतो आणि त्या नावाची पुढची चौकट आपोआप तयार होते. सगळ्या चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण पडद्यावर नकाशासारखे दिसत राहतात. एवढं मुलांना पहिल्याच तासाला जमलं.

त्याआधी वर्षभर आम्ही स्क्रॅचवर, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरची पात्रं हलवायच्या साधनावर, गोष्टी केल्या. हालचाल, आवाज, क्रमाने सूचना देणं हे शिकवायला ते मला आजही आवडतं. पण मला मुलांकडून लिहून घ्यायचं होतं, आणि तास पात्रं रंगवण्यात संपायचा. गोष्ट बोलण्याच्या फुग्यात मावेल एवढीच उरायची. ट्वाईनमध्ये सुरुवातीला शब्दांशिवाय काहीच नसतं, म्हणून मी त्याच्याकडे वळले.

सगळ्यात मोठी गंमत मराठीमुळे झाली. एका मुलीने ‘ती [[विहिरीजवळ]] गेली’ असं लिहिलं आणि दुसऱ्या चौकटीत ‘ती [[विहिरीत]] डोकावली’. नकाशावर दोन विहिरी! तिच्या मनात विहीर एकच होती. मग मी बाणाची रीत दाखवली: [[विहिरीत->विहीर]]. डावीकडे वाक्यात शोभणारा शब्द, उजवीकडे चौकटीचं नाव. ‘म्हणजे शब्द बदलला तरी विहीर तीच,’ ती म्हणाली. सामान्यरूप मी इतकी वर्षं फळ्यावर तक्ते काढून शिकवत होते, ते या वाक्याइतकं सोपं कधी झालं नव्हतं. शुद्धलेखनाचंही तसंच. ‘विहिर’ असं ऱ्हस्व लिहिलं की नकाशाच्या कडेला एक रिकामी चौकट उगवते. मूल स्वतःच विचारतं, ही कुठून आली?

इथे एक सावधगिरी सांगते. ‘दऱ्या’ हा शब्द दोन संगणकांवर दिसायला अगदी सारखा होता, तरी दुवा जुळेना. एका कळफलकावर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर उमटत होतं, दुसऱ्यावर ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लागत होतं. सगळ्या संगणकांवर एकच कळफलक ठेवल्यावर हा त्रास संपला.

गणितही आपसूक आलं. प्रत्येक चौकटीत दोन वाटा आणि अशी चार वळणं धरली, तर १ + २ + ४ + ८ + १६ म्हणजे ३१ चौकटी लिहाव्या लागतात. हे मुलांनी आधी जमिनीवर पत्ते मांडून, दोरे ताणून पाहिलं. ३१ तुकडे कुणालाच लिहायचे नव्हते, म्हणून वाटा पुन्हा एकत्र आणायचं ठरलं. खरं लेखन इथून सुरू झालं असं मला वाटतं. जंगलातून आलेला वाचक आणि नदीतून आलेला वाचक एकाच झोपडीपाशी पोचतात. तिथे ‘त्याचे ओले कपडे’ असं लिहिलं, तर जंगलातून आलेल्याला ते पटणार कसं? काहींनी वाक्य बदललं. दोघांनी माझ्याकडून चल म्हणजे काय ते शिकून घेतलं: नदीच्या चौकटीत ‘ओला’ अशी खूण ठेवायची, आणि झोपडीत ती खूण असेल तरच कपड्यांचं वाक्य दाखवायचं. अटीची आज्ञा मी आधी उदाहरणं देऊन शिकवली होती तेव्हा ती कुणाच्याच लक्षात राहिली नव्हती. इथे ती त्यांना हवी होती.

उणिवाही आहेत. पहिल्या महिन्यात चौकटी दीड-दीड ओळींच्या झाल्या, कारण मुलांना पुढच्या दुव्याची घाई. प्रत्येक दुसरी वाट ‘तू मेलास’ इथे संपायची. मग नियम केला: चौकटीत किमान पाच वाक्यं, त्यातलं एक ऐकू येणाऱ्या किंवा वास येणाऱ्या गोष्टीचं, आणि संपूर्ण गोष्टीत मरण एकच. टंकलेखनाचा वेग कमी असतो, त्यामुळे पहिला खर्डा वहीतच होतो आणि संगणकावर दोघं बसतात. एक वाचून दाखवतो, एक टाइप करतो, दहा मिनिटांनी अदलाबदल.

एक चूक मात्र महागात पडली. ब्राउझरमध्ये वापरलं तर ट्वाईन गोष्टी त्या ब्राउझरमध्येच साठवतं. तिसऱ्या महिन्यात संगणकांची साफसफाई करताना ब्राउझरमधली माहिती पुसली गेली आणि अकरा चौकटींची एक गोष्ट कायमची गेली. ती लिहिणारा मुलगा आठवडाभर कळफलकाला हात लावेना. मला फार वाईट वाटलं. आता तास संपताना सगळ्या गोष्टींची फाइल उतरवून घेतल्याशिवाय आम्ही उठत नाही. जमत असेल तर संगणकावर बसवायची आवृत्तीच घ्या, ती गोष्टी डिस्कवर ठेवते.

दर पंधरवड्याला वाचनाचा तास असतो. गोष्ट एक फाइल म्हणून बाहेर काढता येते आणि कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे मुलं एकमेकांच्या गोष्टी वाचतात. लेखकाने वाचकाच्या मागे उभं राहायचं आणि बोलायचं नाही. माझ्यासाठी या साधनाचं मोल या तासात आहे. ‘पुन्हा लिही’ असं मी सांगते तेव्हा मुलं नाराज होतात. मित्र आपलं लाडकं दार न उघडता पुढे गेला की कुणी न सांगता पुन्हा लिहायला बसतात.

ज्याची गोष्ट गेली होती त्याने नवी लिहायला घेतली. तिच्यात ‘डावं दार’ आणि ‘उजवं दार’ असे दुवे होते. सहा वाचकांपैकी कुणीच थांबून विचार केला नाही, जे आधी दिसलं त्यावर क्लिक केलं. पुढच्या तासाला त्याने ते बदलले: ‘ज्याच्याखालून उजेड येतोय ते दार’ आणि ‘ज्याच्यामागे कुणीतरी खोकतंय ते दार’. यावेळी पाच जणांनी खोकल्याचं दार उघडलं. तिथे त्याने चारच वाक्यं लिहिली होती. मधली सुट्टी झाली तरी तो उठला नाही, खोकणारा कोण ते लिहीत बसला.