घोरणं थांबलं म्हणजे भागलं का? सीपॅप की दातांवरचं उपकरण

झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या आजाराला स्लीप अॅप्निया म्हणतात, आणि तो स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या तपासणीत कळतो. तिचा रिपोर्ट हातात आला की आधी एएचआयचा आकडा बघा. झोपेत दर तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, ते त्यातून कळतं. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यावर तीव्र. तीव्र असेल तर फार घोळ घालू नका, सीपॅपनेच, म्हणजे नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रानेच सुरुवात करा. निवडीचा प्रश्न खरा पडतो तो सौम्य आणि मध्यम आजारात.

या आजारात बहुतेकदा झोपेत घसा सैल पडून मिटतो. सीपॅप तो हवेच्या दाबाने उघडा ठेवतं. 1981 साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी हे करून दाखवलं आणि एएचआय खाली आणण्यात आजही त्याचा हात धरणारं दुसरं काही नाही. दातांवरच्या उपकरणाचे दोन साचे असतात, वरचा आणि खालचा. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात, त्याबरोबर जीभही पुढे सरकते आणि मागची वाट मोकळी होते. वीज नको, नळी नको, आवाज नाही.

मग ताकदीने कमी असलेलं उपकरण घ्यायचं कशाला? कारण मास्क रात्री दोनला काढून उशाशी ठेवला, की उरलेली रात्र उपचाराविना जाते. त्यात स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि श्वास अडकणं अनेकांमध्ये नेमकं तेव्हाच वाढतं. उपकरण बहुतेकांच्या तोंडात रात्रभर टिकतं, म्हणून कागदावरचा फरक प्रत्यक्षात बराच कमी होतो. मास्क मनापासून वापरून पाहिला आणि तरी जमलाच नाही, तर उपकरणाकडे वळण्यात काहीच कमीपणा नाही.

पण दातांची किंमत मोजावी लागते. सकाळी उपकरण काढलं की दाढा एकमेकींवर टेकतच नाहीत, पुढचे दात तेवढे आपटतात. थोड्या वेळाने चावा जागेवर येतो. काही वर्षांच्या वापराने मात्र तो कायमचा बदलू शकतो. सुरुवातीला लाळ सुटते, जबडा दुखतो. हिरड्या खराब होऊन दात हलत असतील, मोजकेच दात उरले असतील किंवा जबड्याचा सांधा आधीच दुखत असेल, तर हा मार्ग सहसा सोडावा. आजार मेंदूकडून श्वासाचा आदेशच न येण्याचा असेल, तर जबडा पुढे ओढून काही साधत नाही.

गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार साचे घेऊ नका. झोपेच्या आजारांचं काम करणाऱ्या डेंटिस्टकडून, दातांचं माप देऊन, जबडा थोडा थोडा पुढे नेता येईल असंच उपकरण करून घ्या.

आणि इथेच बरेच जण थांबतात, याची मला फार काळजी वाटते. घोरणं बंद झालं, घरचे सुखाने झोपू लागले, की काम झालंसं वाटतं. पण आवाज थांबूनही श्वास अडकत राहू शकतो. जबडा योग्य जागी आला की उपकरण तोंडात ठेवूनच स्लीप स्टडी पुन्हा करा. आकडा पुरेसा उतरला नसेल, तर डॉक्टरांशी बोलून सीपॅपकडे परत या.