साताऱ्यातलं पेढ्याचं दुकान, सध्या ३ स्टार

पेढा एक नंबर, त्याबद्दल तक्रारच नाही. कंदी पेढा कसा खरपूस भाजलेल्या खव्याचा पाहिजे, गोड बेताचं, बोटानं दाबला की रवाळ फुटणारा, अगदी तसा. स्टार कापलेत ते वजनाचे. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, पुढं वाचलं की कळेल.

भाचीच्या साखरपुड्यासाठी अर्ध्या किलोचे चार बॉक्स घेतले, ६०० रुपये किलोनं. घरी पेढे डब्यात काढताना सहज रिकामा बॉक्स किचनच्या काट्यावर ठेवला तर ५२ ग्रॅम!! चारही बॉक्स तेवढेच, म्हणजे २०८ ग्रॅम पुठ्ठा मी पेढ्याच्या भावानं विकत घेतला, जवळजवळ सव्वाशे रुपये.

दुसऱ्या दिवशी बॉक्स घेऊन परत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ताई सगळीकडं असंच असतंय, बॉक्स काय आम्हाला फुकट येतोय का, आणि वरनं एखादा पेढा टाकतोच की आम्ही. म्हणलं अरे मग बॉक्सचे पाच रुपये वेगळे लाव ना बिलात, मी देते, पण पेढा म्हणून पुठ्ठा का मोजतोस? तर म्हणे एवढ्यासाठी कोण परत येतं का. हे मला पैशापेक्षा जास्त लागलं. चूक दाखवणाराच कोता ठरतो आणि करणारा मोकळा.

आतून मालक आले, वयस्कर आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बॉक्ससकट वजन करतो आम्ही, बरीच वर्षं. ते चूक आहे, मला माहिती होतं." बास. पण नाही, परंतु नाही, धंद्याची अडचण नाही, पोराच्या अंगावरही ढकललं नाही. रिकामा बॉक्स काट्यावर ठेवला, काटा झिरो केला आणि माझ्यासमोर २०८ ग्रॅम मोजून दिले. "चुकून झालं असेल तर सॉरी" हे तर आपण रोज ऐकतो, पण मला माहिती होतं हे म्हणायला छाती लागते हो. म्हणून नाव टाकलं नाही.

बाकीच्यांनी पण बघून घ्या, वैधमापनशास्त्र कायद्यानं वजन निव्वळ मालाचंच धरायचं असतं, बॉक्सचं नाही. दुकानदार ऐकतच नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

परवा पुन्हा गेले होते. तोच मुलगा, चेहरा जरा पडलेला, पण न सांगता आधी बॉक्स ठेवून काटा झिरो केला. आता राहिली तारीख. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर बेस्ट बिफोर लिहायची सक्ती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली होती, यांच्या ट्रेवर अजून काही नाही. मालकांना सांगून आलेय, ती पाटी दिसली की चौथा स्टार देते.