कूळ विचारणारी पाच पुस्तके

सोलापूर जिल्ह्याविषयी काय वाचावे, असे कोणी विचारले की बहुतेक वेळा १९३० चा मार्शल लॉ, चार हुतात्मे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि गिरण्यांचा इतिहास यांच्याविषयीच्या पुस्तकांकडे बोट दाखवले जाते. ती पुस्तके वाचावीतच. मात्र येथे ज्या पाच पुस्तकांची शिफारस करायची आहे, ती ग्रंथालयात एका कपाटात सापडत नाहीत. दोन आत्मकथने आहेत, एक कादंबरी आहे, एक वारीचे वर्णन आहे आणि एक संशोधनग्रंथ आहे. त्यांची भूमी मात्र एकच आहे: अक्कलकोट, करमाळा, माढा आणि पंढरपूर या तालुक्यांची. ती लागोपाठ वाचली तर असे दिसते की पाचही ठिकाणी कोणीतरी कोणाला तरी कूळ विचारीत आहे. कोठे शाळेचा मास्तर विचारतो, कोठे राजगादी विचारते, तर एका पुस्तकात प्रत्यक्ष देवालाच ते विचारले गेले आहे.

आरंभ शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (म्हणजे अनौरस) या पुस्तकापासून करावा. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर गावचे आहे. आई मसामाई महार, वडील लिंगायत पाटील. त्या पाटलाने ना आईला घर दिले ना मुलाला नाव. आजी संतामाई आणि तिच्यासोबत राहणारा महमूद दस्तगीर जमादार यांनी या मुलाला वाढवले. रक्ताचे नाते नसलेल्या या मुसलमान माणसाने आजोबाची माया दिली, आणि पुस्तकातील सर्वांत उबदार पाने त्याचीच आहेत. शाळेत नाव घालताना वडिलांचे नाव काय लावायचे, सवलतीच्या अर्जावर सही करताना सरपंचाने या मुलाची ओळख काय म्हणून द्यायची, असे साध्या कागदोपत्री कामांतून उभे राहणारे पेच लिंबाळे ज्या कोरडेपणाने सांगतात, तो कोरडेपणा या पुस्तकाचे मोठे बळ आहे.

भुकेविषयीची प्रकरणे वाचताना मन घट्ट करावे लागते. जनावरांच्या शेणात न पचता राहिलेले जोंधळ्याचे दाणे वेचून, धुऊन, दळून संतामाई त्याची भाकरी करते, हा प्रसंग एकदा वाचल्यावर विसरता येत नाही. ज्वारीच्या कोठारासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे कौतुक घरोघरी चालत असताना, त्याच ज्वारीचा हा दुसरा हिशेब प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. काळाचा क्रम वारंवार मोडतो, आणि लेखक मधूनमधून प्रश्नांची जी सरबत्ती करतो ती प्रसंगांच्या मानाने फिकी वाटते. आपण कोण, आपली जात कोणती, आपला धर्म कोणता, हे प्रश्न वाचकाच्या मनात प्रसंगानेच उभे केलेले असतात. ते पुन्हा उच्चारल्याने त्यांची धार वाढत नाही. परंतु ज्या वयात आणि ज्या घाईने हे लिहिले गेले ते जाणवत राहते, आणि ती घाई नंतर कोणी संपादून काढली नाही हे बरेच झाले.

‘अक्करमाशी’ मिटल्यावर लगेच त्र्यं. वि. सरदेशमुख यांची ‘डांगोरा एका नगरीचा’ ही कादंबरी उघडावी. हा सल्ला विचित्र वाटेल, कारण दोन्ही पुस्तकांची भाषा, वर्ग आणि प्रकृती अगदी भिन्न आहे. सरदेशमुख अक्कलकोटला जन्मलेले आणि सोलापुरात राहून लिहिणारे, चिंतनशील आणि काहीसे एकाकी वाटेचे लेखक. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका संस्थानी नगरीचे आयुष्य हा तिचा विषय असून त्या नगरीवर अक्कलकोटची छाया आहे, हे या भागातल्या वाचकाला कोणी सांगावे लागत नाही.

या दोन पुस्तकांना जोडणारा दुवा दोहोंच्याही बाहेर, इतिहासात आहे. अक्कलकोटच्या गादीचा मूळपुरुष फत्तेसिंह भोसले हा जन्माने भोसले नव्हता; तो पारदच्या लोखंडे पाटलाचा मुलगा. मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आलेल्या शाहू महाराजांशी त्या पाटलाची चकमक झाली, त्यात पाटील पडला आणि त्याच्या विधवेने आपले मूल शाहूंच्या पायांशी आणून घातले, अशी कथा सांगितली जाते. शाहूंनी त्याला आपले आडनाव दिले, वाढवले आणि पुढे त्याच्या वंशाकडे हे संस्थान आले. म्हणजे एका पाटलाच्या पोराला येथे राजाचे कूळ मिळाले, ते त्याच्या रक्तात नसतानाही. आणि सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी त्याच तालुक्यात दुसऱ्या एका पाटलाच्या पोराला रक्तात असलेले बापाचे नावदेखील बापाने स्वतःहून दिले नाही. कूळ ही देण्याची गोष्ट आहे आणि ती देणे न देणे देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हे या दोन घटनांइतके स्पष्ट मला इतरत्र दिसलेले नाही.

‘डांगोरा’विषयी वाचकाला सावध करणेही आवश्यक आहे. ही कादंबरी विस्तीर्ण आहे, तिची चाल संथ आहे आणि पात्रांची गर्दी मोठी आहे. कथानकाच्या ओढीने वाचणाऱ्याने ती हाती घेऊ नये. नगरी हेच तिचे मुख्य पात्र आहे. राजवाड्यात जे घडते त्याचे पडसाद गल्लीबोळात कसे उमटतात आणि गल्लीतील कुजबूज पुन्हा वाड्यापर्यंत कशी पोहोचते, हे पाहण्यात तिची गोडी आहे. सत्ता ओसरू लागली की तिच्या आश्रयाने जगणाऱ्या माणसांचे मन कसे पोखरले जाते, याचे इतके सूक्ष्म चित्रण करणारे लेखक मराठीत थोडे. आरंभी पात्रांची नावे एका कागदावर टिपून ठेवल्यास पुढचे वाचन सुकर होते.

तिसरे पुस्तक म्हणजे डॉ. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ. हाही १९८४ चाच. त्याला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात असूनही आषाढी-कार्तिकीची गर्दी आणि दर्शनरांगेची लांबी यांपलीकडे आपले विठ्ठलाविषयीचे कुतूहल सहसा जात नाही. ढेरे यांनी मात्र देवालाच त्याचे मूळ विचारले आहे. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा, गुरे-मेंढरे राखणाऱ्यांचा देव. पुढे त्याचे वैष्णवीकरण झाले, पुराणांनी त्याला कृष्णाशी जोडले आणि संतांनी त्याला आपल्या भक्तीने आजचे रूप दिले, अशी त्यांची मांडणी आहे. धनगरांच्या विठ्ठल-बिरोबा या जोडदैवताची परंपरा, तिरुपतीच्या व्यंकटेशाशी असलेले साम्य, पदुबाईसारख्या लोकदेवता, स्थलपुराणे, शिलालेख आणि ओव्या हे सर्व पुरावे ते एकत्र आणतात. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले, ते घराघरांत मराठी-कन्नड मिसळून बोलणाऱ्या दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडील वाचकाला मुळीच परके वाटणार नाही.

या ग्रंथातील सर्वाधिक गाजलेला भाग माढ्याविषयीचा आहे. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी पंढरपूरची मूर्ती माढ्याला हलवली होती, ही परंपरा सर्वश्रुत आहे. ढेरे त्यापुढे जाऊन असे प्रतिपादन करतात की माढ्याच्या मंदिरातील मूर्ती हीच आद्य मूर्ती असावी. पुराणातील वर्णनाप्रमाणे देवाच्या वक्षावर मंत्राक्षरे असली पाहिजेत आणि ती तेथे आढळतात, हा त्यांचा मुख्य आधार. या विधानावर तीव्र वाद झाला आणि ते सर्वांना मान्य झाले असे म्हणता येणार नाही. मलाही या प्रकरणात पुराव्याच्या मानाने निष्कर्षाची उडी मोठी वाटते. एका मूर्तीला ‘आद्य’ ठरवण्याचा आग्रह हा, देव अनेक प्रवाहांतून घडला या ग्रंथाच्याच गाभ्याला काहीसा छेद देतो. तरीही एखादा संशोधक पुरावा कसा शोधतो, कसा पारखतो आणि एकट्याने उभे राहून कसा मांडतो, हे पाहण्यासाठी हे प्रकरण वाचलेच पाहिजे. ते वाचून माढ्याला जाणाऱ्याची पावले त्या मंदिराकडे वळल्यावाचून राहणार नाहीत.

भाषेबद्दल एक सूचना. ढेरे रसाळ लिहितात, पण संदर्भांची दाटी भरपूर आहे. पहिल्या वाचनात संस्कृत अवतरणे ओलांडून पुढे गेल्यास काही बिघडत नाही.

ढेरे यांचा ग्रंथ जड वाटणाऱ्यांनी दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ हे १९६४ मधील पुस्तक आधी घ्यावे. मोकाशी कथाकार, ते वारकरी म्हणून चालत नाहीत आणि वारीची थट्टा करायलाही जात नाहीत. ज्ञानदेवांच्या पालखीबरोबर चालताना पाय दुखतात, पाऊस लागतो, मुक्कामाची जागा शोधावी लागते, शेजारच्या दिंडीतील माणूस आपल्या शेतीचे गाऱ्हाणे सांगतो, आणि हे सर्व ते तितक्याच समरसतेने टिपतात. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी ही आपल्या जिल्ह्यातील नावे एस.टी.च्या पाटीवर वाचण्याची आपल्याला सवय आहे. मोकाशींच्या पानांत ती चालत्या माणसांच्या वेगाने येतात. स्वतः श्रद्धा नसताना श्रद्धावंतांविषयी लिहिण्याचा जो अवघड तोल असतो, तो या पुस्तकात फार थोड्या ठिकाणी ढळतो.

वारीत प्रत्येक जण दुसऱ्याला ‘माउली’ म्हणतो. तेवढे दिवस कूळ विचारायचे नाही, असा जणू अलिखित करार असतो. तो करार किती पाळला जातो, हे पाहण्यासाठी ‘पालखी’सोबत इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख वाचावा. एकाच दिंडीत चालणाऱ्या, एकच अभंग म्हणणाऱ्या बायका जेवणाच्या वेळी जातीप्रमाणे वेगवेगळ्या बसतात, हे पाहून त्यांना झालेली व्यथा त्यांनी लपवलेली नाही. पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले, हेही या संदर्भात लक्षात ठेवावे. गुराख्यांच्या देवाच्या दारात माणसांना कूळ विचारले जात होते, ही विसंगती ढेरे आणि कर्वे एकत्र वाचले की अधिकच बोचते.

पाचवे पुस्तक डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’. ग्रंथालीने १९९४ मध्ये ते प्रसिद्ध केले. करमाळा तालुक्यातील नेरले गावचा, तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव लावतो आणि शिकून डॉक्टर होतो. ‘चिरा उतरणे’ (नाचणाऱ्या मुलीचा पैसे देणाऱ्या पुरुषाशी पहिला संबंध) या प्रथेची माहिती, नाचणाऱ्या बायकांच्या कमाईवर घरातील पुरुषांनी बसून खाणे आणि आजोबांच्या घरी राबत केलेला अभ्यास यांमुळे हे पुस्तक महत्त्वाचे ठरते. लेखन म्हणून ते ‘अक्करमाशी’च्या तोडीचे नाही; प्रसंग भराभर येतात आणि त्यांवर लेखक क्वचितच थांबतो. परंतु मोडनिंबच्या संगीतबारीला रसिक म्हणून जाणाऱ्या आणि लावणीच्या ठसक्याचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा वाचावे. काळे यांचे २००७ मध्ये अपघाती निधन झाले.

सोलापूर शहर, म्हणजे माग, चादर, विडी कारखाने आणि पूर्व भागातील तेलुगू वस्ती, या यादीत जवळजवळ नाही, ही या निवडीची मर्यादा मला मान्य आहे; त्यासाठी स्वतंत्र यादी करावी लागेल.

खरेदी करावयाची असेल तर ‘अक्करमाशी’ आणि ‘पालखी’ घरात असावीत, कारण ती पुन्हा उघडली जातात. ‘डांगोरा’ आधी ग्रंथालयातून आणून शंभर पाने वाचून पाहावी आणि सूर जुळला तरच विकत घ्यावी. ‘कोल्हाट्याचं पोर’ दोन बैठकांत संपते. महाविद्यालयीन मुलांना भेट देण्यासाठी ते योग्य आहे. शाळकरी मुलांच्या हाती मात्र दोन्ही आत्मकथने पालकांनी स्वतः वाचल्याशिवाय देऊ नयेत. ज्यांच्या घरातील मुले इंग्रजी माध्यमात शिकली आहेत, त्यांच्यासाठी ढेरे यांच्या ग्रंथाचा अॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०११ पासून उपलब्ध आहे. तो विश्वासार्ह आहे, पण मूळ मराठी वाचता येत असेल तर ओव्या आणि लोकगीते ज्या प्रकरणांत आहेत ती मराठीतच वाचावीत.