ल्युमिनॉलचा उजेड मोजायचा की फेंटनने रंग घालवायचा?

एमएस्सीच्या प्रकल्पाला लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही जोडी घ्यायचं ठरलं असेल, तर बहुतेकांची गाडी या दोन विषयांपाशी अडते.

ल्युमिनॉल, म्हणजे पेरॉक्साइडशी अभिक्रिया होताना उजेड देणारं संयुग, देखणं खरं. त्याचा हा उजेड अल्ब्रेख्टने १९२८ साली नोंदवला. सामू १०-११च्या आसपास, लोहाचा अंश, पेरॉक्साइड, की ४२५ नॅनोमीटरजवळचा निळा प्रकाश. पण शंभर रेणूंमागे जेमतेम एक फोटॉन मिळतो. फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद प्रकाश मोजणारं उपकरण) नसेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलवर फोटो छान येईल, वेगाचे आकडे येणार नाहीत. शिवाय काचेला कोबाल्ट-तांब्याचा अंश चिकटलेला असेल तर लोह न घालताही चमक दिसते. आणि व्हायव्हात हमखास अडकवणारा मुद्दा: उजेड दिसला म्हणून हायड्रॉक्सिल रॅडिकल (OH हा अतिशय क्रियाशील कण) सिद्ध होत नाही. सुपरऑक्साइड किंवा उच्च संयुजेचं लोहही तेच करू शकतं.

फेंटनची अभिक्रिया, म्हणजे फेरस लोह आणि पेरॉक्साइडने सेंद्रिय रेणूंचं ऑक्सिडीकरण, १८९४ची. त्यामागे हायड्रॉक्सिल रॅडिकल आहे हे हाबर आणि वाइस यांनी १९३४ साली मांडलं. फेरस सल्फेट स्वस्त, स्पेक्ट्रोफोटोमीटर बहुतेक विभागांत असतो. मेथिलीन ब्ल्यू हा रंग ६६४ नॅनोमीटरला मोजा, आलेख सरळ येतो. इतका सरळ, की कंटाळा यावा!

खरी गंमत सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या डाइंगचं पाणी आणलं की सुरू होते. सुती चादरी-टॉवेलच्या रिअॅक्टिव्ह रंगात मीठ आणि सोडा असतो, पाणी अल्कधर्मी. फेंटनला सामू ३च्या आसपास हवा. ४च्या वर लोह गाळ होऊन बसतं. आम्ल घातलं की कार्बोनेट वायू होऊन निघून जातं, क्लोराइड मात्र तिथेच राहून रॅडिकल खातं. शुद्ध रंगाचं द्रावण आणि हे पाणी शेजारी ठेवून वेग मोजले, तर प्रबंधाला स्वतःचं म्हणणं मिळतं. रंग गेला म्हणजे सेंद्रिय भार गेला असं मात्र लिहू नका. सीओडी (सेंद्रिय भाराचं माप) काढताना उरलेलं पेरॉक्साइड आधी नष्ट करा, नाहीतर आकडा फुगतो.

माझा कौल फेंटनला. विभागात फ्लुओरिमीटर (प्रकाश टाकल्यावर उमटणारी चमक मोजणारं उपकरण) असेल तर सोबत टेरेफ्थॅलिक आम्लही वापरा: हायड्रॉक्सिल जोडला गेला की ते ३१५ नॅनोमीटरच्या प्रकाशात चमकतं. म्हणजे उजेडही मिळेल आणि रॅडिकलचा बराच भक्कम पुरावाही. फोटोमल्टिप्लायर हाताशी असेल आणि मार्गदर्शकांचा त्यावर हात बसलेला असेल, तरच ल्युमिनॉल घ्या.