नैरोबीत एकच दिवस हाताशी: शहरालगतचं पार्क, नाकुरू की अंबोसेली?

कामासाठी नैरोबीला आलात आणि मधला रविवार मोकळा मिळाला. किंवा परतीच्या विमानाला दहा-अकरा तास आहेत. किंवा मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांना एकदा जंगल दाखवून आणायचं आहे. तिन्ही वेळा तोंडावर पहिलं नाव येतं मसाई माराचं, आणि तेच सगळ्यात आधी बाजूला ठेवावं लागतं. रस्त्याने एकेका बाजूला पाच-सहा तास जातात; सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं म्हणजे पैसे देऊन केलेली शिक्षा. मग खरी निवड उरते तिघांत: नैरोबी नॅशनल पार्क, लेक नाकुरू आणि अंबोसेली.

प्राण्यांच्या यादीआधी घड्याळ बघा. नैरोबी विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्याच सुमारास मावळतो. ही तिन्ही पार्कं सकाळी ६ ते संध्याकाळी ६ उघडी असतात. त्यातले पहिले तीन तास सिंह, तरस, चित्ता दिसण्याचे. ऊन चढलं की मांजरकुळातली मंडळी झुडपाखाली आडवी होतात आणि तुम्ही गाडीतून गवत बघत बसता. हे पहिले तीन तास तुम्ही पार्कात असणार की हायवेवर, यावर अर्धा निकाल लागतो.

| | नैरोबी पार्क | नाकुरू | अंबोसेली |
|---|---|---|---|
| शहरापासून अंतर | सुमारे ७ किमी | सुमारे १६० किमी | सुमारे २३० किमी |
| एका बाजूचा प्रवास | अर्धा ते एक तास | अडीच ते साडेतीन तास | चार ते साडेचार तास |
| क्षेत्रफळ | ११७ चौ. किमी | १८८ चौ. किमी | ३९२ चौ. किमी |
| हमखास | जिराफ, झेब्रा, म्हशी | गेंडे, म्हशी, बबून माकडं | हत्ती |
| नाहीतच | मोकळे हत्ती | हत्ती | गेंडे |

नैरोबी नॅशनल पार्क

शहराला खेटून आहे म्हणून याला प्राणिसंग्रहालय समजणारे बरेच भेटतात. तो गैरसमज आहे. १९४६ साली स्थापन झालेलं हे केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तीन बाजूंनी कुंपण आहे, पण दक्षिणेची बाजू म्बागाथी नदीपलीकडे कितेंगेलाच्या माळाकडे मोकळी आहे आणि प्राणी तिथून ये-जा करतात. म्हणूनच ऋतूला महत्त्व. पावसाळ्यात, म्हणजे मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर, बाहेर सगळीकडे चारा-पाणी असतं, त्यामुळे चरणारे कळप पांगतात. कोरड्या दिवसांत, जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीत, पार्कातल्या बंधाऱ्यांचं पाणी त्यांना आत ओढून आणतं. दोन दिवसांतून एक निवडायचा असेल तर आदल्या आठवड्यातला पाऊस तपासा.

इथलं खरं वैशिष्ट्य काळा गेंडा. झुडपं खाऊन जगणारा हा लाजरा प्राणी इतर ठिकाणी सहज दिसत नाही. इथे मात्र सकाळी उघड्या माळावर दिसण्याची चांगली शक्यता असते. सिंह आहेत, पण ते दिसतीलच असं सांगणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवू नका. बिबट्या दिसला तर नशीब. मागे इमारतींची रांग आणि पुढे जिराफ, हा फोटो जगात फार कमी ठिकाणी मिळतो. काहींना तो आवडतो. काहींचा त्याने रसभंग होतो, त्यातच रेल्वेचा सुमारे सहा किलोमीटरचा उंच पूल पार्कावरून गेलेला. ज्यांना क्षितिजावर सिमेंट नको, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

दिवस असा लावा. पहाटे साडेपाचला निघून ६ वाजता गेटवर. लांगाटा रोडवरचं मुख्य गेट शहरातून सोयीचं. विमानतळाकडून येत असाल तर मोंबासा रोडच्या बाजूचं ईस्ट गेट जवळ पडतं. ड्रायव्हरला हे आदल्या दिवशीच सांगा, कारण सवयीने तो मुख्य गेटकडे वळतो आणि सकाळच्या गर्दीत तास जातो. सव्वादहापर्यंत फिरणं संपवून बाहेर. हिप्पो पूल या पाणघोड्यांच्या डोहाजवळ रेंजरसोबत पायी फिरता येतं. चार तास बसून आखडलेल्या पायांना ते बरं वाटतं. मुख्य गेटजवळ हस्तिदंत जाळल्याची जागा आहे. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोई यांनी तिथे जप्त केलेलं १२ टन हस्तिदंत पेटवलं, आणि २०१६ मध्ये त्याच पार्कात राष्ट्राध्यक्ष केन्याटा यांनी १०५ टन. दहा मिनिटं पुरतात, पण चुकवू नका.

पार्कात हत्ती नाहीत ही उणीव शेल्ड्रिक ट्रस्टच्या अनाथ हत्तींच्या पिल्लांकडून थोडी भरून निघते. लोकांसाठी वेळ रोज ११ ते १२, फक्त एक तास, आणि आगाऊ नोंदणी सक्तीची. सुट्ट्यांच्या दिवसांत ती बरीच आधी संपते, म्हणून विमानाचं तिकीट काढलंत की पहिली नोंदणी हीच करा. दुपारी जिराफ सेंटर, जिथे जिराफांना हाताने खाऊ घालता येतं. मुलं सोबत असतील तर दिवसाचा कळस तिथेच होतो, सिंह दिसला असो वा नसो.

इथली सगळ्यात मोठी फजिती मातीमुळे होते. पार्काच्या बऱ्याच भागात काळी कापसाची माती आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको: कोरडी असताना भेगा, ओली झाली की चिकट लोणी. कोरड्या दिवसांत साधी कारही चालून जाते. पण रात्री पाऊस पडला असेल तर छोट्या टॅक्सीने आत जाऊ नका. गाडी रुतली की तुम्हाला खाली उतरून ढकलता येत नाही, कारण ठरलेल्या जागा सोडून खाली उतरायला बंदी आहे.

लेक नाकुरू

नाकुरूचं नाव निघालं की डोळ्यांसमोर गुलाबी तळं येतं. ते चित्र आता जुनं झालं. २०१० नंतर तळ्याची पातळी वाढत गेली, किनाऱ्यावरचं जंगल बुडालं, जुने रस्ते पाण्याखाली गेले. पाण्याचा खारेपणा कमी झाल्याने फ्लेमिंगोंचं खाद्य असलेलं शेवाळ घटलं आणि थव्यांतले बरेच पक्षी बोगोरियासारख्या इतर तळ्यांकडे गेले. काही पक्षी असतातच, पण केवळ फ्लेमिंगोंसाठी येणारा हमखास हिरमुसतो.

मग जायचं कशासाठी? गेंड्यांसाठी. पार्काला पूर्ण कुंपण आहे आणि इथे काळा व पांढरा, दोन्ही जातींचे गेंडे आहेत. पांढरा गेंडा गवत खातो, म्हणून उघड्यावर चरताना दिसतो, बऱ्याचदा अगदी रस्त्यालगत. रॉथ्सचाइल्ड जिराफ आहेत, पिवळ्या बाभळींचं जंगल आहे आणि त्यात बिबट्याची शक्यता नैरोबीपेक्षा बरी. बबून क्लिफ या कड्यावरून सगळं तळं एका नजरेत येतं. नावाला जागणारी बबूनं तिथे तुमच्या जेवणाची वाटच बघत असतात: गाडीच्या काचा वर आणि डबा बंद. उघड्या छतातूनही ती आत उतरतात, हे बहुतेकांना उशिरा कळतं.

रस्ता दोन गोष्टींमुळे फसवतो. सकाळी वाटेतल्या लिमुरूच्या उंचीवर धुकं असतं, विशेषतः जून ते ऑगस्ट. आणि हाच युगांडाकडे जाणाऱ्या मालट्रकांचा मार्ग. एका ट्रकमागे अडकलात की वेळेचं गणित कोलमडतं. रविवारी संध्याकाळी नैवाशाहून परतणाऱ्या नैरोबीकरांची भर पडते. म्हणून पहाटे ५ ला निघा, आठ-साडेआठला गेट गाठा, अडीचला परत फिरा, आणि शक्यतो शनिवार किंवा आठवड्यातला मधला दिवस निवडा. वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा दिसतो तिथे थांबायला हरकत नाही, पण जाताना दहा मिनिटंच. तिथल्या दुकानांत घासाघीस सुरू केलीत तर सकाळ तिथेच संपते.

प्राणी आधी पाहून झालेत आणि सोबतच्यांना चालायचं आहे, तर याच रस्त्यावर नाकुरूच्या बऱ्याच अलीकडे नैवाशाजवळचं हेल्स गेट बघा. तिथे सायकलवरून झेब्र्यांमधून जाता येतं. सिंहाची आशा मात्र घरी ठेवून या.

अंबोसेली

हत्ती बघायचे तर अंबोसेली, यात वाद नाही. १९७२ पासून इथल्या हत्तींच्या कुटुंबांचा सलग अभ्यास चालू आहे. त्यामुळे ते गाड्यांना सरावलेले असतात आणि कळपच्या कळप शांतपणे समोरून रस्ता ओलांडतात. किलिमांजारोवरचं पाणी जमिनीखालून येऊन इथे दलदली तयार करतं, आणि दिवस तापला की हत्ती त्यांत पोटापर्यंत उतरून चरतात. म्हणजे दुपारची वेळ वाया जाते हा वर सांगितलेला नियम हत्तींपुरता इथे लागू नाही. पहाटे ५ ला निघून साडेनऊला पोहोचलात तरी हत्ती मिळतात.

मिळत नाही तो डोंगर. ज्या फोटोसाठी लोक येतात, हत्तींच्या मागे ५,८९५ मीटरचं बर्फाळ शिखर, तो पहाटे किंवा सूर्यास्ताच्या आसपासचा. साडेनऊपर्यंत शिखर बहुधा ढगांत गेलेलं असतं, आणि ते पुन्हा उघडं पडेपर्यंत तुम्ही परतीच्या वाटेवर असता. मोंबासा रोडने एमालीपर्यंत, तिथून उजवीकडे. रस्ता डांबरी आणि चांगला आहे, पण जाऊन-येऊन आठ-नऊ तास बैठक होते. आतले रस्ते कच्चे. केनियात त्यांना मरम म्हणतात, कानाला अगदी आपल्या मुरमासारखं. गाडीच्या हाडं खिळखिळी करणाऱ्या थरथरीला ड्रायव्हर हसत ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. मणक्याचा त्रास असलेल्यांना त्यात हसू येणार नाही. कोरड्या दिवसांत क्षारयुक्त पांढरी धूळ सगळीकडे: कॉन्टॅक्ट लेन्स नकोत, दमा असेल तर पंप खिशात.

आमचं मत स्पष्ट आहे: अंबोसेलीला एक रात्र द्या. ते शक्यच नसेल आणि खिसा परवानगी देत असेल तर नैरोबीतल्याच विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने सकाळी जा. जेमतेम पाऊण तासाचं उड्डाण. फक्त सामानाला साधारण १५ किलोची मर्यादा आणि कडक सूटकेसऐवजी मऊ बॅग लागते.

गाडी, तिकीट, कागद

खर्चाचे दोन भाग वेगळे धरा. पार्कचं शुल्क माणशी. गाडी आणि ड्रायव्हर मात्र संपूर्ण दिवसाचे. त्यामुळे दोघांना नाकुरू महाग पडतं आणि सहा जणांत तेच सुसह्य होतं. छत वर उचलता येणारी व्हॅन स्वस्त असते, तशीच लँड क्रूझर महाग पण उंच. पावसात नैरोबी पार्कसाठी लँड क्रूझरच घ्या. भाव ठरवताना तीन गोष्टी विचारा: पार्कचं शुल्क धरलंय का, गाडीचं प्रवेशशुल्क धरलंय का, आणि प्रत्येकाला खिडकी मिळणार का. ‘सर्व समाविष्ट’ या शब्दांत बहुतेक भांडणं दडलेली असतात.

शुल्क रोख भरता येत नाही. सरकारच्या ई-सिटिझन व्यवस्थेतून कार्डाने किंवा एम-पेसा या मोबाइलवरच्या पैसे-सेवेने भरावं लागतं. ते आदल्या रात्री भरून ठेवा. गेटवर मोबाइलचं नेटवर्क आणि बँकेचा ओटीपी यांच्या खेळात सकाळचा पाऊण तास गमावलेले पर्यटक रोज दिसतात. दर बदलत असतात, म्हणून ताजा आकडा तिथेच बघा. परदेशी पाहुण्यांसाठी नाकुरू आणि अंबोसेली नैरोबीपेक्षा महाग आहेत. केनियात नोकरी-धंद्यानिमित्त राहणाऱ्या मराठी घरांनी एक लक्षात ठेवावं: रहिवाशांचा दर बराच कमी असतो, पण त्यासाठी मूळ ओळखपत्र लागतं. भारतातून आलेल्या आईवडिलांना तो लागू होत नाही.

विमान बदलताना बाहेर पडायचं असेल तर ईटीए, म्हणजे केनियात शिरण्याचा ऑनलाइन परवाना, आधीच काढलेला हवा. दोन विमानांत आठ तासांपेक्षा कमी अंतर असेल तर बेत सोडा. पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्या: केनियाहून भारतात परतणाऱ्याकडे तिचं प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवलं जाऊ शकतं. मुंबई-मुंबई तीन दिवसांची सहल आखणारे नेमकं हेच विसरतात. नैरोबी उंचावर असल्याने तिथे हिवतापाचा धोका कमी, अंबोसेलीसाठी मात्र डॉक्टरांना गोळ्यांबद्दल विचारा. जुलै-ऑगस्टच्या पहाटे नैरोबीत पारा १०-१२ अंशांवर असतो आणि गाडीचं छत उघडं, स्वेटर लागतोच.

आणि डबा. टूरवाल्यांच्या खोक्यात बहुधा चिकनचा तुकडा आणि उकडलेलं अंडं असतं, म्हणून शाकाहारी असाल तर अंडंही नको हे वेगळं सांगा. घरून पोळी-भाजी, चिवडा नेणार असाल तर स्टीलच्या डब्यात. केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्या, पेले, ताटल्याही चालत नाहीत. विमानतळावर घेतलेली बाटली गेटवरच काढून घेतात. पुन्हा भरता येणारी मोठी बाटली माणशी एक, हॉटेलातून निघतानाच भरलेली.